आखरावरचा मुक्काम

आमच्या पदयात्रा समितीचा दुसरा ठराव असा होता की साठ वर्षांवरील व्यक्तींनी नागपूरला बसने यावे. समितीत साठीच्या वरचं कोणीच नव्हतं, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. पायी यायची इच्छा असलेली साठीची व्यक्ती अख्ख्या वस्तीत एकच होती, ती म्हणजे माझी आई, लीलाबाई. ठराव कोणा एका व्यक्तीला उद्देशून नाही, असं अध्यक्षांनी खास आमच्या घरी येऊन तिला सांगितलं.

साल १९८६. दीक्षेला तीस वर्षं होत होती, म्हणून पांढुर्ण्याहून दीक्षाभूमीपर्यंत पाच दिवसांत चालत जायचं ठरलं होतं. छप्पन साली आमच्या वस्तीतली माणसं चालत गेली होती. बायकाही गेल्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. आई गेली नव्हती, कारण तिला आठवा महिना होता आणि तो मीच होतो. "तुह्यापायी राहिलं," हे वाक्य मी तीस वर्षं ऐकत आलो होतो. मॅट्रिकला गणितात गेलो तेव्हाही ऐकलं, आणि चहात साखर जास्त पडली तरी ऐकलं. पुढे ती दरवर्षी ट्रकने गेली, बसने गेली. पण ते ती मोजत नव्हती. "बसून त गोणी बी जाते नागपूरले," असं म्हणायची.

समितीचे अध्यक्ष यशवंतराव शाळेचे मुख्याध्यापक होते. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांचा दोन गोष्टींवर गाढ विश्वास होता, एक राज्यघटना आणि दुसरी स्काउटचं शिबिर. त्यामुळे आमची पदयात्रा ठरावांवर चालणार होती आणि मुक्काम कोणाच्या घरी किंवा शाळेत न करता उघड्यावर होणार होता. पोशाख पांढरा. मी नगरपालिकेत कारकून, म्हणून सचिव. नोंदवही माझ्या पिशवीत.

आई यशवंतरावांच्या ओट्यावर जाऊन बसली. नुसती बसून राहिली. पहिल्या तासाला त्यांनी चहा पाठवला. दुसऱ्या तासाला बाहेर येऊन ठराव क्रमांक तीन सांगितला. लीलाबाईंनी सौंसरपर्यंत पायी यावं. तोवर त्यांच्यामुळे पदयात्रा एकदाही थांबली नाही तर पुढे चालावं, थांबली तर सौंसरच्या स्टँडवर बसमध्ये बसावं.

"चाल्ते," आई म्हणाली आणि कप विसळून ठेवला.

पहिल्या दिवशी तिने समितीची फार गैरसोय केली. ती पुढे चालत होती. आम्ही दहा जण, म्हणजे यशवंतरावांसह चार शिक्षक, एक पोस्टमन, वीज मंडळाचे दोघे, ढोरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर पुंडलिकराव, सरकारी दवाखान्यातली नर्स सुनंदा आणि मी, दोन दोनच्या रांगेत घोषणा देत निघालो होतो. घोषणा देणाऱ्याला दम लागतो, हे ठरावात आलेलं नव्हतं. आई घोषणा देत नव्हती. ती अर्धा मैल पुढे जायची, शेताच्या धुऱ्यावर उभी राहून निंदणाऱ्या बायकांशी बोलायची, आम्ही धापा टाकत पोचलो की पुन्हा चालू लागायची. पदयात्रेला तिच्यासाठी थांबावं लागत नव्हतं. तिला पदयात्रेसाठी थांबावं लागत होतं, पण त्याबद्दल नियम नव्हता.

साडेपाच वाजता, मोहगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडा आत एक मोठा पिंपळ दिसला. आजूबाजूला ऑक्टोबरातलं गवत मांडीएवढं वाढलेलं, आणि पिंपळाखाली मात्र गवताची काडी नाही. सपाट, मऊ, अंगण झाडून ठेवावं तशी जमीन. यशवंतराव तिथेच थबकले. त्यांनी हात जोडले.

"बोधिवृक्ष," ते म्हणाले. "कोणीतरी आपल्यासाठीच जागा स्वच्छ करून ठेवली आहे."

आम्ही सगळे गहिवरलो. सव्वीस किलोमीटर चाललेला माणूस सपाट जागा पाहूनही गहिवरतो, इथे तर पिंपळ होता.

आई उकिडवी बसली. मातीत बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"सर, हे आखर होय."

"म्हणजे?" यशवंतरावांनी विचारलं.

"गावची सारी ढोरं दोपारी इथं बसते. त्याइनं तुडवलं म्हून गवत नाई. या मातीत गोचिड्या रायते. झाड चांगलं हाय. त्याले वंदन करा, अन् तिकडं मुरमावर झोपा." तिने शंभर पावलांवरचा उंचवटा दाखवला. तिथे नुसते खडे होते.

"लीलाबाई," यशवंतराव शांतपणे म्हणाले, "मला तर इथे एकही ढोर दिसत नाही."

"संध्याकाळी घरी जाते ना जी. तुमी नाई का जात शाळेतून?"

पुंडलिकराव हसले. अध्यक्षांनी पाहिलं तसे थांबले. "मनोहर, ठराव लिही," अध्यक्ष मला म्हणाले.

ठराव क्रमांक चार: पहिला मुक्काम बोधिवृक्षाखाली करण्यात यावा. बाजूने दहा, विरोधात शून्य. आई सभासद नव्हती, त्यामुळे तिला मत नव्हतं. मी लिहीत असल्यामुळे माझा हात वर जायला जरा उशीर झाला, पण गेला.

आईने खताच्या पोत्यांची शिवलेली ताडपत्री उचलली आणि मुरमावर जाऊन झोपली. लीलाबाई पदयात्रेपासून वेगळ्या झोपल्या, अशी नोंद घ्यायला यशवंतरावांनी मला सांगितलं.

"सर, हे थांबण्यात येते का?" मी विचारलं.

"येतं की नाही ते सौंसरला बघू."

आम्ही बुद्धवंदना घेतली आणि त्या मऊ मातीवर इतकं गाढ झोपलो की पहाटेपर्यंत कोणी कूस बदलली नाही. बदलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी नाल्यावर तोंड धुताना पुंडलिकराव स्वतःच्या बनियनकडे पाहत उभे होते. "माह्या बनियनवर तीळ कोणं सांडले?" ते म्हणाले. मग ते तीळ बगलेच्या दिशेने चालू लागले.

पांढऱ्या पोशाखाचा एक मोठा फायदा मला त्या दिवशी कळला. त्यावर सगळं स्पष्ट दिसतं. खसखशीएवढी पिल्लं होती, ती शेकड्यांनी. तिळाएवढी मधली होती. आणि एरंडीच्या बीएवढ्या टम्म फुगलेल्या काही जुन्या जाणत्या होत्या, त्यांनी रात्री आमच्यापैकी निवडक लोकांना पसंत केलं होतं. पोस्टमनच्या कानामागे एक होती. माझ्या कमरेला नाडीच्या रेषेत चार होत्या, अंतर मोजून बसल्यासारख्या.

यशवंतरावांनी पुंडलिकरावांना बोलावलं. "तुम्ही ढोरांच्या दवाखान्यात बारा वर्षं आहात. काल का बोलला नाहीत?"

"ढोरं आमच्याकडे येते सर, आमी ढोरांकडे नाई जात. अन् मी बहुमतात होतो."

यानंतर प्रत्येकाने स्वतंत्र विचाराने उपचार सुरू केले. वीज मंडळाच्या एकाने बिडी पेटवून गोचिडीला चटका दिला. गोचीड हलली नाही, तो मात्र चांगला दोन हात उडाला. दुसऱ्याने स्टोव्हमधलं रॉकेल चोळलं. पुंडलिकरावांकडे एक पांढरी भुकटी होती, ती ढोरांना लावतात म्हणे, दोन दिवसांत साफ. फक्त ढोरांना एकमेकांना चाटू द्यायचं नाही. समितीतलं कोणी कोणाला चाटेल असं वाटत नव्हतं, तरी सुनंदा सिस्टरने ती पुडी काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत टाकून पिशवीवर बसली. तिच्या स्वतःच्या मनगटावर तीन होत्या.

तेवढ्यात आई मुरमावरून खाली आली. आंघोळ झालेली, लुगडं स्वच्छ, अंगावर एक ठिपका नाही. आमच्याकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"झाले का ठराव?" तिने विचारलं.

वीज मंडळाचा तो माणूस नवी बिडी पेटवत होता, आई त्याच्याकडे वळली.

"बिडी फेक थे. जाळली त गोचीड तोंडातलं सारं तुह्या अंगात ओकते, मंग ताप येते. रॉकेल नोको. पिळू बी नोका, पिळली त मुंडकं आत रायते. सिस्टर, तुह्यापाशी चिमटा हाय का वो?"

सिस्टरजवळ होता. "लीलाबाई बरोबर सांगून राहिल्या," ती म्हणाली, आणि सगळ्यात आधी स्वतःचं मनगट पुढे केलं.

चिमटा कातडीला अगदी टेकवायचा, गोचीड तोंडाजवळ धरायची आणि न पिळता, न झटकता, सरळ वर ओढायची. सावकाश. आई ओढायची, सिस्टर त्या जागेवर आयोडीन लावायची आणि निघालेली गोचीड राखेतल्या निखाऱ्यात जायची. पण खसखशीएवढ्या पिल्लांना चिमटा काय करणार? सिस्टरने चिकटपट्टी लावून उचलायला सुरुवात केली. तीन माणसांत चिकटपट्टी संपली.

आईने पोळ्यांसाठी मळून ठेवलेली कणीक मागवली. त्यात आणखी पाणी घालून ती चिकट केली आणि तिचा गोळा माझ्या पाठीवर लाटण्यासारखा फिरवला. गोळा उचलला तेव्हा कणकेत खसखस पेरल्यासारखी दिसत होती.

"हे तुम्ही ढोरांना करायच्या?" पुंडलिकरावांनी व्यावसायिक कुतूहलाने विचारलं.

"ढोरांले कणीक कोण देते? आपल्याले तरी कुठं भेटे?" आई म्हणाली. "हे आत्ताच सुचलं."

रांग लागली. पाटील-देशमुखांच्या गोठ्यात आईने पंधरा वर्षं शेण काढलं होतं, बैलांच्या कानांतून अशाच गोचिड्या काढल्या होत्या. घरी आम्ही तो विषय काढत नसू. मी नगरपालिकेत लागल्यावर तर मुळीच नाही. आता सरकारी नोकरीतले आठ पुरुष चड्डीवर, कुडकुडत, तिच्यासमोर हात वर करून उभे होते.

"हालू नोको रे. बैल बरा तुह्यापेक्षा," ती पोस्टमनला म्हणाली. "त्याले समजते कोण आपलं भलं करून राहिलं."

स्वयंपाकाच्या मोठ्या गंजात पाणी उकळून तिने आमचे पांढरे कपडे त्यात टाकले. सतरंज्या उन्हात तापलेल्या खडकांवर पसरल्या. सगळ्यांची पाळी झाली, फक्त यशवंतरावांची नाही. ते चादर गुंडाळून पिंपळाकडे पाठ करून बसले होते.

"माझ्या अंगावर काही नाही," ते म्हणाले.

"सर, सगळ्याइच्या अंगावर हाय," आई म्हणाली.

"माझ्या नाही."

मग ते एकटेच झाडामागे गेले. झाडामागून एकदा "आई गं" असं ऐकू आलं. परत आले तेव्हा चेहरा शांत होता आणि डावा पाय जरा बाहेर टाकून चालत होते. जांघेतली गोचीड त्यांनी नखांनी पिळून उपटली होती, हे आईने पंधरा पावलांवरून ओळखलं. पण मुख्याध्यापकाला जांघ दाखवा कसं म्हणणार? ती कपडे वाळत घालायला गेली.

आम्ही अकराला निघालो. नियोजित वेळ सातची होती.

वाटेत यशवंतराव माझ्या बरोबरीने चालू लागले. खरं तर मी हळू चालून त्यांच्या बरोबरीने राहिलो.

"मनोहर, आज सकाळी पदयात्रा चार तास थांबली. नोंदीत कारण काय लिहिलंस?"

"अजून लिहायचं हाय सर."

"उपचार लीलाबाईंनी केले. वेळ त्यात गेला. मी कुणावर ठपका ठेवत नाही, पण वस्तुस्थिती ती वस्तुस्थिती. शब्द जपून वापर."

पुढे रस्त्याच्या कडेने आई चालली होती. सिस्टर तिच्यासोबत होती, पोस्टमनही होता, पुंडलिकराव तिला काहीतरी विचारत होते. रांग कधी मोडली ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. घोषणाही बंद होत्या, त्यामुळे आम्ही चांगले वेगात होतो.

जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीच्या दर्शनाला आलेल्या लोकांनी आम्हाला पाणी दिलं. मी एका पुलाच्या कठड्यावर बसलो आणि वही उघडली. नगरपालिकेत मी सात वर्षं नोंदी लिहिल्या होत्या. नळ का आला नाही, नाली का तुंबली, याची कारणं साहेब सांगतील तशी मी फार सुबक अक्षरात लिहिली होती. पेन हातात धरून मी किती वेळ बसलो कोण जाणे. आई पुढे निघून गेली, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. एवढी खात्री तिला माझी होती की स्वतःच्या चालण्याची, हे मला कधीच कळलं नाही.

मी लिहिलं: "पदयात्रा सकाळी चार तास थांबली. कारण: ठराव क्रमांक चार."

सौंसरच्या स्टँडवर पोचलो तेव्हा नागपूरची बस उभीच होती. कंडक्टर ओरडत होता. स्टँडच्या शेडखाली समितीची सभा भरली. आई बाहेर एका दगडावर बसून पायातला काटा काढत होती. सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर ती मुद्दाम बसली होती, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती.

यशवंतरावांनी बसायचा प्रयत्न केला आणि उभेच राहिले. वही त्यांनी मोठ्याने वाचायला घेतली. तारीख, मुक्काम, ठराव. मग माझ्या ओळीवर आले आणि त्यांचा आवाज बंद झाला. ओठ मात्र हलले.

"हे तू लिहिलंस?"

"हो सर."

"माझ्या सांगण्याविरुद्ध?"

"हो सर. दहा हात होते, त्यात माझाबी होता. तोच लिहिला."

बसने हॉर्न दिला. यशवंतराव वहीकडे पाहत राहिले. त्यांचं वय तेव्हा बावन्न असेल, पण एकदम ते मला सातवीच्या वर्गात धडा विसरलेल्या पोरासारखे दिसले.

"आखर म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं," ते म्हणाले. आमच्याशी नाही, बाहेर आईकडे तोंड करून. "माझा बाप गावची ढोरं राखायचा. मी रोज आखरावर त्याची भाकर घेऊन जायचो. शाळेत पोरांनी विचारलं, आखर आखर म्हणतो ते काय असते? मी म्हणालो, मला माहीत नाही. तेव्हापासून माहीत नाहीच म्हणत आलो."

आईने काटा काढून फेकला.

"मंग तुमच्या बापानं तुमाले गोचीड काढाले नाई शिकवली?" ती म्हणाली. "पाय दाखवा सिस्टरले. सकाळपासून पाहून राहिली मी, लंगडत हाय तुमी."

यशवंतराव हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या ओळीपुढे आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, "व अध्यक्षांचा हट्ट." खाली सही केली. मग ठराव क्रमांक दोन आणि तीन यांवर आडवी रेघ मारली. मत घेतलं नाही. घटनेत हे बसत नव्हतं, पण कोणी हरकत घेतली नाही.

सिस्टरने त्यांना शेडमागे नेऊन पाहिलं. मुंडकं आत राहिलं होतं, भोवती लिंबाएवढी सूज. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन काढावं लागणार होतं.

"मी बसने येतो नागपूरला," यशवंतराव म्हणाले. "माझ्यासाठी पदयात्रा थांबवू नका."

"काहून?" आई उठली. "थांबलं त बसमधी बसवाचा कायदा माह्यासाठी होता. तुमच्यासाठी कधी केला? जा, काढून या. आमी इथंच हावो."

"तास दोन तास लागतील, लीलाबाई."

"तीस वर्सं थांबली मी. दोन घंट्याचं काय सांगता?"

बस गेली. आम्ही दोन तास स्टँडवर बसून राहिलो, कपबशा रिकाम्या करत. यशवंतराव पट्टी बांधून, काठी टेकत परत आले, आणि आम्ही त्यांच्या चालीने निघालो. आई त्यांच्याबरोबर सगळ्यात मागे. पुढच्या तीन मुक्कामांच्या जागा तिने निवडल्या. एक मुरमाची टेकडी, एक नदीकाठची वाळू आणि एक खडकाळ पडीत, जिथे आमच्या सगळ्यांच्या पाठी सोलून निघाल्या. वहीत मी जागांची नावं लिहिली. ठराव लिहायचा प्रसंग आला नाही.

ताप कोणाला आला नाही. सिस्टर रोज सकाळी सगळ्यांच्या कपाळाला हात लावून बघायची.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही नागपुरात शिरलो तेव्हा रस्ता माणसांनी भरून वाहत होता. त्या गर्दीत रांग वगैरे काही राहिली नाही. अकरा जण अकरा दिशांना गेले. मी आईचा हात धरायला पाहिलं तर ती आधीच पुढे सटकली होती. दीक्षाभूमीवर पोचायला मला तिच्यापेक्षा अर्धा तास जास्त लागला.

ती सापडली तेव्हा मैदानाच्या कडेला, उन्हात, पाय लांब करून बसली होती. टाचा फुटलेल्या, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. शेजारी कुठल्याशा दूरच्या जिल्ह्यातली एक म्हातारी आपली भाकर सोडून बसली होती. तिने विचारलं, "कुठून आल्या बाई?"

"पांढुर्ण्याहून," आई म्हणाली. "पायी."

म्हातारीने तिच्या पायांकडे पाहिलं आणि अर्धी भाकर तिच्यापुढे ठेवली. तेवढ्यात आईला मी दिसलो. मळलेल्या पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर वहीची पिशवी.

"अन् हा माहा पोरगा," ती म्हातारीला म्हणाली. "हाबी चालतच आला."